एक तोळ्याची गोळी: मोठ्या शिकारीची काडतुसं कशी निवडतात आणि कशी भरतात

सराफ बाजारात आज तोळा म्हटलं की दहा ग्रॅम. जुना, अस्सल तोळा मात्र ११.६६ ग्रॅमचा. बारा मासे, शहाण्णव गुंजा. इंग्रजांनी १८३३ मध्ये तो १८० ग्रेनचा म्हणून पक्का केला. गंमत अशी, की अमेरिकेत .३०-०६ (हे काडतुसाच्या मापाचं नाव) रायफल घेऊन एल्कच्या शिकारीला निघालेला माणूस सर्रास जी गोळी वापरतो, तिचं वजनही १८० ग्रेन. बरोब्बर एक तोळा. एल्क हा हरणांच्या कुळातला, आपल्या सांबरापेक्षाही थोराड प्राणी. मोठा नर तीनशे-साडेतीनशे किलोचा सहज भरतो.

एवढ्या धुडाला तोळाभर धातू पुरतो कसा, हा प्रश्न मला रेंजवर नेहमी ऐकू येतो. नाशिकला नेमबाजीचं वेड नवं नाही. भोसला मिलिटरी स्कूल १९३७ पासून आहे, देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण चालतं, आणि हल्ली एअर रायफल शिकणारी मुलंमुलीही बरीच दिसतात. त्यांच्यातलं कुणी ना कुणी विचारतंच, "सर, मोठ्या जनावराला मोठी बंदूक लागत असेल ना?" बंदुकीचं तसं फार काही नसतं. खरी करामत त्या तोळाभर धातूच्या घडणीत आहे, आणि माझी सगळी नोकरी इथल्याच अंबडच्या कारखान्यात, टूलरूममध्ये (साचे-हत्यारं घडवायच्या विभागात) गेल्यामुळे मला तीच बाजू जास्त भावते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. भारतात शिकार बंद आहे आणि घरी काडतुसं भरणं हा गंभीर गुन्हा आहे. खाली जे आहे ते जिथे हे कायदेशीर आहे तिथलं, आणि समजून घेण्यापुरतं. कायद्याचं तपशिलात शेवटी येतं.

काडतुसाच्या आत

पूर्ण वस्तू ती काडतूस. त्यात चार भाग. मागे बुडाशी एक छोटी टोपी, म्हणजे प्राइमर. चापावर बोट दाबलं की फायरिंग पिन हिच्यावर आदळते आणि ठिणगी पडते. आत दारू. बाहेरून पितळेची पुंगळी. आणि पुंगळीच्या तोंडात घट्ट बसवलेली गोळी. बार झाल्यावर एवढी गोळीच पुढे जाते, बाकी सगळं मागे राहतं.

पुंगळीचं पितळ सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त, या प्रमाणातलं. पितळच का, याचं उत्तर सुंदर आहे. .३०-०६ मध्ये बार होतो तेव्हा आतला दाब कमाल ६०,००० पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचाला पौंड) जाऊ शकतो, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या चार हजार पटींच्याही वर. त्या क्षणी पुंगळी फुगते आणि चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागे काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला चिकटून गॅस मागे येऊ देत नाही. दाब ओसरला की ती किंचित आकसते, म्हणून बोल्ट, म्हणजे मागचा सरकता अडसर, ओढल्यावर सुटून बाहेर येते. फुगायचं, पण फाटायचं नाही, आणि परत थोडं मागे यायचं. प्रेसवर डीप ड्रॉईंग (पत्रा दाबून खोल वाटीसारखा ओढणं) केलेल्या कुणालाही विचारा, हे तिन्ही गुण एका पत्र्यात मिळणं किती अवघड असतं.

नळीच्या आत पिळाचे आटे असतात. गोळी त्यांत रुतून फिरत फिरत बाहेर पडते, त्यामुळे हवेत कोलांट्या न खाता नाकासमोर जाते. .३०-०६ च्या नळीत साधारण दहा इंचांत एक फेरा असतो. गोळी सेकंदाला ८२० मीटर वेगाने निघाली, तर हिशोब करा: मिनिटाला १ लाख ९० हजारांहून जास्त फेरे. आमच्या सीएनसीचा स्पिंडल दहा हजारांवर गेला की ऑपरेटर कान टवकारायचा.

गोळीचं काम लागल्यावर सुरू होतं

सिनेमात गोळी लागली की माणूस उडून भिंतीवर आदळतो. तसं काही होत नाही. गोळी पुढे जेवढा धक्का घेऊन जाते, साधारण तेवढाच, किंबहुना थोडा जास्तच, रायफलचा दस्ता खांद्याला मागे देतो. खांदा तो सहन करतो, तर तीनशे किलोचं जनावर त्याने आडवं कसं होईल? जनावर मरतं ते हृदय-फुप्फुसांना जखम होऊन, रक्तदाब कोसळून, मेंदूला रक्त पोचेनासं झालं म्हणून. किंवा थेट मेंदूला, मज्जारज्जूला इजा झाली म्हणून. बाकीच्या सगळ्या जखमा म्हणजे तडफड.

म्हणून मोठ्या शिकारीच्या गोळीला दोन कामं एकाच वेळी करावी लागतात, आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत. एक, आत गेल्यावर फुलायचं. पुढचं टोक दबून, पसरून मूळ व्यासाच्या दीडपट-दुप्पट झालं, तर जखम रुंद होते आणि जनावर लवकर पडतं. दोन, खोलवर जायचं. कातडी, खांद्याचं हाड, बरगड्या ओलांडून पार फुप्फुसापर्यंत पोचायचं, जमलं तर पलीकडून बाहेर पडायचं, म्हणजे रक्ताचा माग जमिनीवर राहतो. जास्त फुलली की ती लवकर थांबते. कमी फुलली की बारीक भोक पाडून निघून जाते, आणि जनावर कोसभर पळून झुडपात मरतं, कुणाच्या हाती न लागता. गोळ्यांच्या कारखान्यांचा गेल्या सव्वाशे वर्षांचा सगळा खटाटोप या एका ओढाताणीभोवती आहे.

सुरुवात बिनधुराच्या दारूपासून झाली. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल याने ती तयार केली आणि गोळ्यांचे वेग एकदम वाढले. त्या वेगाला नुसतं शिसं टिकेना, ते आट्यांमध्ये घासून नळीत चिकटायला लागलं. मग शिशावर तांब्याचं कवच आलं. कवचामुळे नळी स्वच्छ राहिली, पण पूर्ण झाकलेली गोळी शरीरात फुलेना. ब्रिटिश फौजेची सरहद्दीवर हीच तक्रार होती. तेव्हा कोलकात्याजवळच्या दमदमच्या शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले याने .३०३ च्या गोळीचं कवच टोकाशी उघडं ठेवलं, आतलं शिसं बाहेर डोकावेल असं. तीच कुप्रसिद्ध 'दमदम' गोळी. १८९९ च्या हेग परिषदेत अशा फुलणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायच्या नाहीत, असा जाहीरनामा निघाला.

इथे एक उलटापालट आहे, ती बहुतेकांना माहीत नसते. युद्धात जी गोळी वर्ज्य, तीच शिकारीत सक्तीची. इंग्लंडमध्ये १९९१ च्या हरणांच्या कायद्यानुसार हरणावर मऊ किंवा पोकळ टोकाचीच गोळी चालते. अमेरिकेतल्या अनेक राज्यांतही मोठ्या जनावरावर पूर्ण कवचाची लष्करी गोळी झाडायला मनाई आहे. युद्धाच्या नियमात माणसाला विनाकारण यातना नकोत हा विचार आहे, शिकारीच्या नियमात जनावर जखमी होऊन तडफडायला नको हा.

नॉस्लरचा मूस

मऊ टोकाची साधी गोळी म्हणजे तांब्याची वाटी आणि तिच्यात भरलेलं शिसं. स्वस्त, सोपी, आणि मध्यम वेगाला आजही उत्तम. हरणासारख्या जनावरावर तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण वेग वाढला आणि जनावर मोठं झालं, की ती आतल्या आत फुटून तिचे तुकडे होतात.

१९४६ मध्ये जॉन नॉस्लर नावाचा, ट्रकच्या धंद्यातला एक अमेरिकन माणूस कॅनडात ब्रिटिश कोलंबियाला मूसच्या शिकारीला गेला होता. मूस एल्कपेक्षाही मोठा. हा मूस चिखलात लोळून आलेला, अंगावर चिखलाचा वाळलेला थर. नॉस्लरच्या हातात त्या काळची दमदार .३०० एच अँड एच मॅग्नम. गोळ्या नेमक्या जागी लागत होत्या आणि वरच्या वर फुटत होत्या. आत पोचतच नव्हत्या.

घरी येऊन त्याने जे केलं, ते कुठलाही टर्नर एका नजरेत ओळखेल. तांब्याच्या मिश्रधातूचा गोल बार घेतला, दोन्ही टोकांनी भोक पाडलं, मात्र मध्ये धातूचा एक पडदा तसाच सोडला. दोन्ही बाजूंना शिसं भरलं. पुढचं शिसं फुलतं, फुटतं, वेळेला झडूनही जातं. पण फुलणं त्या पडद्यापाशी थांबतं आणि मागचा अर्धा भाग वजन धरून पुढे घुसत राहतो. एक भाग फुलायला, एक भाग घुसायला. १९४८ मध्ये त्याने कंपनी काढली. ती 'पार्टिशन' गोळी आजही बाजारात आहे. मला विचाराल तर या विषयातली सगळ्यात अक्कलहुशारीची वस्तू हीच. पुढचं सगळं तिच्यावरची सुधारणा.

नंतर दोन वाटा निघाल्या. एक, कवच आणि शिसं उष्णतेने एकजीव करायचं, म्हणजे फुलताना शिसं कवचातून निखळत नाही. यांना बाँडेड गोळ्या म्हणतात. दुसरी वाट, शिसं काढूनच टाकायचं. बार्न्स कंपनीने १९८९ मध्ये संपूर्ण तांब्याची 'एक्स' गोळी आणली. टोकाशी पोकळी, आत गेल्यावर चार पाकळ्या उलगडतात, वजन जवळपास सगळंच्या सगळं शाबूत राहतं.

अमेरिकेत मोंटानात राहणारा माझा भाचा परवाना काढून दरवर्षी एल्कला जातो. एकदा व्हिडिओ कॉलवर त्याने पलीकडच्या बाजूच्या कातडीखाली सापडलेली बाँडेड गोळी कॅमेऱ्यासमोर धरली. पुढून चपटी झालेली, तांब्याच्या कडा मागे वळून अंगाला टेकलेल्या, मध्ये काळपट शिसं घट्ट धरून बसलेलं. मागचा अर्धा भाग मात्र जसाच्या तसा, आट्यांचे तिरपे ओरखडे मोजता येतील इतके स्वच्छ. "मामा, वजन बघा," म्हणत त्याने ती काट्यावर ठेवली. १८० पैकी १६८ ग्रेन शिल्लक. म्हणजे ९३ टक्के. साधी वाटी-शिशाची गोळी खांद्याच्या हाडातून गेली असती, तर निम्मं वजन राहिलं असतं तरी नशीब.

वजन, लांबी आणि वेग

आता 'किती ग्रेनची घ्यायची' हा प्रश्न. नुसत्या वजनाला अर्थ नाही. त्या वजनामागे तोंड केवढं आहे ते बघायचं. पौंडातलं वजन भागिले इंचातल्या व्यासाचा वर्ग, याला सेक्शनल डेन्सिटी म्हणतात. .३०८ इंच व्यासाच्या १५० ग्रेन गोळीची येते ०.२२६, १८० ग्रेनची ०.२७१, २२० ग्रेनची ०.३३१. आकडा जितका मोठा तितकी गोळी लांबट, आणि घडण सारखी असेल तर जास्त खोल जाणारी. आफ्रिकेतल्या रानरेड्यासारख्या धोकादायक जनावरांना ०.३०० च्या वर असावी, असा जुन्या लोकांचा ठोकताळा.

या आकड्याचा सगळ्यात मोठा साक्षीदार म्हणजे 'कारामोजो' बेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या या स्कॉटिश शिकाऱ्याने हजारावर हत्ती मारले. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण तो विषय वेगळा. त्यातले बहुसंख्य त्याने ७ मिलिमीटरच्या, त्या काळीही हलक्या समजल्या जाणाऱ्या रायफलने मारले. गोळी १७३ ग्रेनची, लांब, न फुलणारी, पूर्ण कवचाची. सेक्शनल डेन्सिटी ०.३०६. त्याने हत्तीच्या कवटीचा अभ्यास केला होता, मेंदू नेमका कुठे ते त्याला ठाऊक होतं. तिथपर्यंत सरळ जाणारी गोळी त्याला हवी होती, बाकी काही नको होतं. त्याची नक्कल करायला गेलेल्यांनी रायफल उचलली, शरीरशास्त्र उचललं नाही.

वेगाबद्दल एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. लांबचा बार अवघड आणि जवळचा सोपा, हे नेमापुरतं खरं. गोळीच्या दृष्टीने जवळचा बार जास्त कठीण असू शकतो. .३०० विंचेस्टर मॅग्नमची १८० ग्रेन गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ९०० मीटरने निघते, तीनशे मीटरवर सातशेच्या आसपास येते. तीस मीटरवर ती जवळपास पूर्ण वेगात हाडावर आदळते आणि मऊ गोळी असेल तर तिथेच चिंधड्या. उलट फार लांबवर वेग इतका उतरतो की गोळी फुलतच नाही. शिशाच्या बऱ्याच गोळ्यांना फुलायला सेकंदाला साधारण ५५० मीटर तरी वेग लागतो, तांब्याच्या गोळ्यांना त्याहून थोडा जास्त. म्हणजे प्रत्येक गोळीला वेगाची एक खिडकी असते, आणि शिकारी किती अंतरावरून बार काढणार आहे त्यावर ती ठरते. 'सगळ्यात पॉवरफुल' असं काही नसतं. शर्यतीच्या, कागदावर नेम साधायच्या मॅच गोळ्या शिकारीला नेणारेही आहेत, पण ती गोळी अचूक जाण्यासाठी घडवलेली असते, आत जाऊन काय करायचं यासाठी नाही. मी तरी त्या बाजूचा नाही.

तांब्याच्या गोळीत एक मेख आहे. शिशाची घनता ११.३४, तांब्याची ८.९६. तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी त्यामुळे लांब होते, आणि लांब गोळी स्थिर ठेवायला नळीचा पीळ जास्त घट्ट लागतो. जुन्या, सैल पिळाच्या नळीत ती डगमगू शकते. म्हणून तांबं वापरणारे बहुधा एक पायरी हलकी गोळी घेतात. वजन टिकत असल्याने खोली कमी पडत नाही.

आणि तांब्याकडे वळायचं कारण नुसतं घुसणं नाही. शिशाची गोळी आत फुटते तेव्हा तिचे बारीक कण मांसात आणि आतड्यांत पसरतात. शिकारी आतडी तिथेच टाकून जातो, ती गिधाडं खातात. कॅलिफोर्नियाचा काँडर (तिथलं मोठं गिधाड) या विषाने इतका घटला की १९८७ पर्यंत उरलेसुरले सगळे २७ पक्षी पिंजऱ्यात ठेवून जगवावे लागले. कारणं इतरही होती, पण शिसं हे मोठं. कॅलिफोर्नियाने जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. आपल्याकडे गिधाडं संपली ती डायक्लोफेनॅक या गुरांच्या औषधाने. त्र्यंबकेश्वर तालुक्यात खोरीपाड्याला गिधाडांसाठी उपाहारगृह चालवतात, तिथे मेलेलं गुरू टाकण्याआधी त्याला ते औषध दिलं नव्हतं ना, हे पाहावं लागतं. विष वेगळं, पोचायची वाट तीच.

घरी काडतूस भरणं म्हणजे काय

अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, युरोपातल्या बऱ्याच देशांत माणसं वापरलेली पुंगळी पुन्हा भरतात. पैसे वाचतात म्हणतात. माझा भाचा म्हणतो वाचत काहीच नाही, तेवढ्याच पैशात जास्त बार होतात. खरी कारणं दोन. हवी ती गोळी आपल्या रायफलला बसवता येते, आणि प्रत्येक काडतूस आधीच्यासारखंच निघतं. जोर वाढवण्यासाठी भरायला बसलेला माणूस या धंद्यात सगळ्यात धोकादायक समजतात.

काम असं चालतं. पुंगळ्या धुऊन, पुसून एकेक तपासायच्या. मानेला चीर, बुडाच्या थोडं वर चकाकती रेघ दिसली की ती फेकून द्यायची, कारण तिथेच पितळ पातळ होऊन पुढच्या वेळी तुटतं. मग वंगण लावून डायमध्ये, म्हणजे पुंगळीच्या मूळ मापाच्या साच्यात, दाबायची. बाराच्या वेळी फुगलेली पुंगळी त्यात पूर्ववत होते आणि जुना प्राइमर खालून निघतो. वंगण विसरलात तर ती डायमध्ये अशी अडकते की काढताना घाम फुटतो. जाणकार माणूस पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) गरजेपुरताच, मिलिमीटरच्या पाच-शतांश भागाइतकाच मागे ढकलतो. जास्त ढकलला की दर बाराला पितळ ताणलं जातं आणि आयुष्य घटतं. लांबी वाढली असेल तर कापायची, कडा मोडायची. नवा प्राइमर बसवायचा. दारू तोलून भरायची. शेवटी गोळी ठरावीक खोलीवर बसवायची.

दारू तोलण्याचा काटा ०.१ ग्रेनपर्यंत दाखवणारा असतो. म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम, गुंजेचा जवळपास एकोणिसावा भाग. सराफाचा काटा काचेच्या पेटीत का असतो ते इथे कळतं. पंखा चालू असला की आकडा नाचतो. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा, हा नियम कुणी मोडत नाही, कारण दोन वेगवेगळ्या दारू दिसायला सारख्या आणि जळायला अगदी वेगळ्या असू शकतात. हळू जळणारीच्या जागी झटक्यात जळणारी पडली तर रायफल फुटते, आणि चेहरा तिच्यापासून वीतभर अंतरावर असतो. पुंगळीत दोनदा दारू पडली तरी तेच. एकदाही पडली नाही तर नुसत्या प्राइमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते, आणि मागून दुसरा बार काढला तर नळी जाते.

किती दारू हे छापील लोडिंग मॅन्युअल सांगतं. त्या-त्या पुंगळीला, गोळीला, दारूला वेगळं. कुणाच्या तोंडचं माप घ्यायचं नाही. माझ्याकडून तर मुळीच नाही, म्हणून इथे एकही माप दिलेलं नाही. कमाल मापाच्या साधारण दहा टक्के खाली सुरुवात करून थोडं थोडं वर जायचं, आणि प्रत्येक पायरीला खुणा बघायच्या. प्राइमर चपटा झाला, बोल्ट उचलायला जड जायला लागला, पुंगळीच्या बुडावर चकचकीत ठसा उठला, की थांबायचं आणि खाली यायचं. 'पुस्तकात अजून वाव आहे' हा युक्तिवाद नळीला समजत नाही.

याच सुमारास बहुतेकांना अचूकतेचं वेड लागतं. शंभर मीटरवर तीन बार एका नाण्याखाली झाकले पाहिजेत म्हणून हिवाळा घालवतात. हिशोबाने बघा: एक मिनिट-ऑफ-अँगल, म्हणजे अंशाचा साठावा भाग, शंभर मीटरवर २.९ सेंटिमीटर भरतो. एल्कची हृदय-फुप्फुसाची जागा फूटभर तरी रुंद. दोनशे मीटरवर सहा सेंटिमीटरचा गट (सगळी भोकं मावतात तेवढी जागा) पडणारं काडतूस त्याला भरपूर झालं. शिकारीला त्याहून महत्त्वाचं म्हणजे काडतूस मॅगझिनमधून न अडखळता चेंबरमध्ये जाणं. गट लहान करायला गोळी जरा बाहेर बसवली आणि थंडीत, हातमोजे घालून बोल्ट लोटताना ती अडली, तर तो सुंदर गट काय कामाचा? म्हणून भाचा निघण्यापूर्वी सगळी काडतुसं रेंजवर एकेकदा रायफलमधून फिरवून घेतो.

हवामानाचं मात्र कुणी हसण्यावारी नेऊ नये. दारू तापली की जास्त दाब देते. काही नव्या दारू कमी संवेदनशील आहेत, तरी थंडीत कमाल मापावर बसवलेलं काडतूस मे महिन्याच्या उन्हात, त्यातही बंद गाडीत तापलं, तर मर्यादा ओलांडू शकतं. देवळालीचे तोफची लक्ष्याचं गणित मांडताना चार्जचं तापमान धरतात ते याचसाठी. इंग्रजांनाही हे हिंदुस्थानात आणि आफ्रिकेत उमगलं. कॉर्डाइट दारूची काडतुसं इथल्या उष्म्यासाठी मुद्दाम थोडी कमी भरून पाठवत, त्यांना 'ट्रॉपिकल' म्हणत. वाघ-हत्तीच्या जाड रायफलींच्या इतिहासातही हिंदुस्थानचा हात आहे: १९०७ च्या सुमारास सरकारने इथे .४५० बोअर बंद केला, त्याच्या गोळ्या बंडखोरांच्या हातातल्या जुन्या मार्टिनी-हेन्री लष्करी रायफलींना उपयोगी पडतील या धास्तीने. मग इंग्रज बंदूकवाल्यांनी .४७०, .४६५, .४७५ अशी शेजारची मापं काढली. त्यांपैकी .४७० आजही आफ्रिकेत चालते.

आपल्याकडे

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम ९ शिकारीला मनाई करतं. कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक ठरावीक परिस्थितीत लेखी आदेश देऊ शकतो, उदाहरणार्थ प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला तर. निफाड-सिन्नरच्या उसात बिबट्या दिसला म्हणून कुणी आपल्या घरची बंदूक घेऊन निघायचं नसतं. ते काम वन विभागाच्या पिंजऱ्याचं आणि बेशुद्धीच्या डार्टचं.

काडतुसं भरण्याबद्दल शस्त्र कायदा १९५९ आणखी कडक आहे. त्याच्या व्याख्येत दारूगोळा म्हणजे फक्त तयार काडतूस नाही; त्याचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्रीही त्यात येते. म्हणजे परदेशात दुकानात सहज मिळणारा रीलोडिंग प्रेस कुणी सामानातून हौसेने आणला, तर ती हौस थेट या कायद्यात बसते. विनापरवाना दारूगोळा बनवण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप आहे. परवानाधारक .३१५ रायफलवाला कारखान्याची काडतुसं विकत घेतो, आणि तेच बरं.

हे सगळं वाचून हात शिवशिवत असतील, तर .१७७ बोअरची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल घ्या. तिला शस्त्र परवाना लागत नाही. दाब, दारू, पितळ यांतलं काही तिथे नाही, पण सारखेपणाचा अभ्यास पुरेपूर करता येतो. छर्ऱ्यांच्या डब्यावर डोक्याचं माप लिहिलेलं असतं, ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर. वेगवेगळ्या मापांचे डबे आणा, सराफी काट्यावर तोलून वजनाप्रमाणे ढीग करा, रायफल बाकावर शिकंजात धरा आणि दहा मीटरवर प्रत्येक ढिगाचे दहा-दहा छर्रे मारून गट मोजा. दोन शेजारच्या मापांत इतका फरक निघतो की आधी शिकंजा ढिला आहे का ते तपासून घ्या, मगच निष्कर्ष काढा.